लेबल २५चं, टायर २४चा

फोर व्हील ड्राइव्ह एटीव्हीसाठी (शेतात, चिखलात चालणारी, हँडलवाली चारचाकी) टायर आणि रिमचा 'तयार सेट' विकणाऱ्याने मला कसं गंडवलं, ते जरा सविस्तर लिहितो. पैसे गेले ते गेले. पण त्याने केलेली चलाखी कुणाच्याही बाबतीत चालून जाईल इतकी सोपी आहे, आणि तिच्यात चालत्या गाडीचं चाक निखळण्याचा धोका आहे.

माझ्या मागणीत संदिग्ध काहीच नव्हतं. मॅन्युअलप्रमाणे पुढे २५×८-१२ आणि मागे २५×१०-१२. म्हणजे हवा भरल्यावर टायरची उंची २५ इंच, रुंदी पुढे ८ आणि मागे १० इंच, रिम १२ इंची. हबवर, म्हणजे चाक जिथे बसतं त्या भागावर, चार स्टड (चाकाचे नट आवळायचे दांडे), ११० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर. मॅन्युअलच्या पानाचा फोटोसुद्धा पाठवला होता. त्यावर उत्तर आलं, "साहेब, डोळे झाकून घ्या. चारही पंचवीसचेच आहेत. टायर रिमवर चढवून, हवा भरून देतो, त्याचे वेगळे पैसे नकोत."

खरी मेख या फुकट चढवून देण्यातच होती. सुटा टायर आणि सुटी रिम हातात आली की माणूस ती उलटीपालटी करून बघतो. चढवलेलं, फुगवलेलं, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं चाक आलं की थेट हबला लावतो. आणि एकदा लावलं की विकणाऱ्याचं दुसरं वाक्य तयारच असतं: "वापरलेला माल परत घेत नाही."

टू व्हील ड्राइव्हमध्ये गाडी बरी चालत होती. फोर व्हील लावून कडक जमिनीवर वळवली की मात्र हँडल जड व्हायचं, पुढून कटकट आवाज यायचा, आणि नंतर फोर व्हील सुटायचंच नाही. थोडं मागे घेतलं की खाडकन सुटायचं. चिखलात यातलं काहीच जाणवत नसे. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण विकणारे 'चिखलात चालवून बघा की' असंच सांगतात.

बहुतेक एटीव्हींना मधलं डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या आणि मागच्या शाफ्टला वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी, नसतं. फोर व्हील लागलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट ठरलेल्या गुणोत्तरात एकमेकांना जखडले जातात. त्यामुळे एका फेऱ्यात पुढचं चाक किती जमीन कापतं आणि मागचं किती, याचा हिशेब कारखान्यातल्या गिअरशी जुळावाच लागतो. काही मशीनना मुळातच पुढे-मागे वेगळ्या उंचीचे टायर असतात, पण तिथे गिअरही त्याच हिशेबाने दिलेले असतात. माझ्या मशीनला चारही सारखे हवेत. २५ इंची टायरचा घेर साधारण साडेअठ्ठ्याहत्तर इंच, २४ इंचीचा पंचाहत्तरच्या थोडा वर. मागचं चाक २५ फेरे घेतं तेवढ्या अंतराला पुढच्या चाकाला २६ लागतात, पण गिअर त्याला २५च देतात. उरलेला एक फेरा टायर जमिनीवर घासून भरून काढतो. ओल्या मातीत तो गुपचूप सरकतो. कडक जमिनीवर सरकायला जागा नसते, मग सगळा ताण शाफ्ट, गिअर आणि हँडलवर येतो.

ज्या मशीनमध्ये मागची चाकं घसरल्यावरच पुढची आपोआप गुंततात, तिथे हेच लहान टायर वेगळा त्रास देतात: पुढची चाकं गुंतायला उशीर होतो. उलट तिथे पुढचे टायर मोठे असतील, तर ती कायमच गुंतलेली राहतात.

मी खडूने टायरवर आणि जमिनीवर खूण केली, गाडीवर एकाला बसवलं आणि चाक पूर्ण एक फेरा पुढे ढकलून अंतर मोजलं. पुढचं चाक मागच्यापेक्षा तीन इंचांनी कमी भरलं. चारही टायरमध्ये हवा मॅन्युअलप्रमाणे होती, म्हणजे तेही कारण नव्हतं.

मग पुढच्या टायरच्या भिंतीवरचं लेबल नीट पाहिलं. गुळगुळीत, चकचकीत, त्यावर ठळक २५×८-१२. पण साइज लेबलावर नव्हे, रबरात ठशासकट उठलेली असते. आणि ते लेबल नेमकं तिथेच चिकटवलेलं होतं. नखाने कड उचलली, थोडं गरम पाणी लावलं, आणि खालून आकडे वर आले: २४×८-१२. दुसऱ्या टायरवर लेबलाखाली '२४' मधला चार सँडपेपरने घासलेला होता. पूर्ण गेला नव्हता, बोट फिरवलं की त्याची उभी रेघ लागत होती. हे नजरचुकीने होत नाही.

फोन केला तर त्याचं म्हणणं, "ऑफ-रोड टायरमध्ये इंचभर इकडेतिकडे चालतंच." यातलं अर्धं खरं आहे, म्हणूनच ते सहज पचतं. २५ छापलेला टायर मोजल्यावर थोडा कमी भरू शकतो, दोन कंपन्यांच्या २५ मध्येही फरक पडतो. जाणकार लोक म्हणूनच पुढचे-मागचे टायर एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे घेतात. पण छापील २५ थोडा कमी भरणं वेगळं आणि २४च्या ठशावर २५चं लेबल लावणं वेगळं. यावर तो म्हणाला, "मग पुढे १५ पीएसआय भरा, उंची येईल." एटीव्हीचे टायर साधारण ३ ते ७ पीएसआयवर चालतात. जास्त हवेने घेर वाढतो तो नावापुरता, इंचभर उंची काही येत नाही. टायर मात्र मधल्या पट्ट्यातच झिजतो, पकड जाते आणि गाडी उड्या मारते. असला सल्ला देणाऱ्याला काहीच कळत नाही असं नाही. त्याला फक्त फोन ठेवायचा असतो.

टायरचं प्रकरण चीड आणणारं होतं, रिमचं भीती वाटावी असं. पुढच्या डाव्या चाकाचे नट पुन्हापुन्हा सैल होत होते. चाक काढून मागची बाजू पाहिली तर भोकं गोल नव्हतीच. आडवी एक मापाची, केंद्राच्या दिशेने मोजली की लांबट. काळ्या रंगाचा जाड थर खरवडल्यावर कानशीच्या रेघा उघड दिसल्या. रिम मुळात ११५ मिलिमीटरच्या वर्तुळाची, आणि भोकं आतल्या बाजूने अडीच अडीच मिलिमीटर घासून ती ११०वर 'बसवलेली'. ११० आणि ११५ नुसत्या नजरेला सारखेच वाटतात. १३७ किंवा १५६ची रिम कुणी अशी खपवू शकणार नाही, ती हबवर चढणारच नाही.

निमुळत्या नटाचं काम फक्त दाबण्याचं नसतं, तो चाक मधोमध आणतो. त्याच्या शंकूला रिममध्ये गोल, उतरती बैठक लागते. भोक घासलं की ती बैठक एका अंगाने जाते, नट अर्ध्याच कडेवर टेकतो, कितीही आवळला तरी हादऱ्यांनी ढिला होतो, आणि चाकाचा भार स्टडच्या आट्यांवर येतो. माझ्या दोन स्टडच्या आट्या चेपलेल्या निघाल्या. चारही स्टड बदलले.

शेवटच्या फोनवर त्याने वेगळीच गळ टाकली: "थोडा फरक भरा, २७चा सेट देतो, गाडी उंच दिसेल." २७ म्हणजे गिअरिंग आठ टक्क्यांनी जड, इंजिनची ताकद चाकांकडे नेणाऱ्या बेल्टवर ताण, स्पीडोमीटर खरा वेग दाखवणार नाही आणि वळताना फेंडरला (मडगार्डला) घासायची शक्यता. रिमचा ऑफसेटही, म्हणजे हबवर टेकणाऱ्या जागेच्या आत-बाहेर रिम किती असते ते माप, तो वेगळा देणार होता. म्हणजे प्रत्येक चाक इंचभर बाहेर, आणि बेअरिंगवर जादा लोड. मी नाही म्हटल्यावर फोन घेणं बंद.

कुणी असा सेट घेत असेल तर टायर आणि रिम सुटेच मागवा. चढवून देण्याची फी वाचते म्हणून भुलू नका. विकणारा सुटं द्यायला कुरकुरला तर तिथेच थांबा. माल येताच, हबला लावायच्या आधी, रबरातल्या ठशाचा आणि रिमच्या मागच्या बाजूचा फोटो काढा. लेबल असेल तर सोलून पाहा. चार भोकांच्या रिमचं वर्तुळ मोजणं सोपं असतं: एका भोकाच्या डाव्या कडेपासून समोरच्या भोकाच्या डाव्या कडेपर्यंत. मग तेच उजव्या कडांवरून. दोन्ही मापं जुळली पाहिजेत, आणि प्रत्येक भोक दोन्ही दिशांनी सारखं भरलं पाहिजे. सेटसोबत नटही आले असतील तर त्यांच्या आट्या आणि शंकू आधी स्टडवर हाताने फिरवून बघा. पाना लावायची गरज पडली तर ते नट तुमच्या मशीनचे नाहीत. आणि 'फिट होईल' असं तोंडी नको, साइज आणि बोल्ट वर्तुळ बिलावर लिहून घ्या. माझ्या बिलावर 'एटीव्ही सेट, चार नग' एवढंच होतं, तक्रार करताना तेच आडवं आलं.

पुढचे दोन्ही टायर तसे धड आहेत. ज्याच्या मशीनला पुढे २४ लागतात अशा ओळखीच्या माणसाला लेबलं काढून, सगळं सांगून दिले. रिम कुणाला दिल्या नाहीत. ग्राइंडरने मधोमध कापून भंगारात टाकल्या, म्हणजे पुन्हा रंग मारून त्या दुसऱ्या कुणाच्या हबवर जाणार नाहीत.