दोन अँटेनांचा यूएम982 बोर्ड: बोर्ड चांगला आहे, पण सगळा खेळ अँटेना बसवायच्या नळीवर

यूएम982 हा जीपीएससारख्या उपग्रहांच्या सिग्नलवरून जागा आणि दिशा सांगणारा बोर्ड. दुसरा अँटेना लावला की जागा दुप्पट अचूक मिळेल या आशेने तो घेणार असाल, तर थांबा. सेंटिमीटरची अचूकता आरटीके करेक्शनमधून, म्हणजे जागा पक्की माहीत असलेल्या दुसऱ्या रिसीव्हरकडून (बेसकडून) येणाऱ्या दुरुस्तीतून येते आणि ती एका अँटेनावरही मिळते. दुसरा अँटेना दिशा देतो. त्याचं मोल कळतं ते भाऊच्या धक्क्यासारख्या ठिकाणी, लोखंडी बोटीवर. तिथे होकायंत्र भरकटतं, आणि दिशा चुकली की अँटेनापासून लांब बसवलेल्या सोनारची (ध्वनिलहरींनी पाण्याची खोली मोजणाऱ्या यंत्राची) जागाही चुकते.

दोन अँटेनांमध्ये 1 मीटर अंतर असेल तर दिशेची अचूकता 0.1 अंश, असं कंपनी सांगते. हे मोकळ्या आभाळाखालचं, चांगल्या अँटेनांवरचं. 1 मीटरला 5 मिलिमीटर चूक झाली की दिशा जवळपास 0.3 अंशाने फिरते. सोनार 6 मीटरवर असेल तर तो 3 सेंटिमीटर सरकला. अँटेनांमधलं अंतर 2 मीटर केलंत की हीच चूक निम्मी. म्हणून महाग बोर्डापेक्षा लांब, न वाकणारी ॲल्युमिनियमची चौकोनी नळी आधी घ्या.

दोन्ही अँटेना एकाच मॉडेलचे हवेत आणि दोघांवरची खूण एकाच बाजूला. सिग्नल जिथे धरला जातो तो बिंदू अँटेनाच्या नेमक्या मध्यावर नसतो. खुणा जुळल्या की तो फरक आपोआप कटतो. स्वस्त किटमधले चपटे पॅच अँटेना असतील, तर प्रत्येकाखाली निदान 10 सेंटिमीटरची धातूची चकती घाला. मुख्य अँटेना मागे, दुसरा पुढे. केबल उलट्या लागल्या तर बोट 180 अंश फिरलेली दिसते, आणि चूक तासभर केबलऐवजी सॉफ्टवेअरमध्ये शोधली जाते.

दोन अँटेनांमधली लांबी बोर्डाला आधीच ठरवून देता येते, पण ही अट लगेच घालू नका. आधी तशीच चालवा आणि दिशेच्या संदेशात येणारी लांबी टेपच्या मापाशी ताडून पाहा. 1 सेंटिमीटरच्या आत जुळली तर ठीक. ‘फिक्स’ (म्हणजे उत्तर पक्कं जुळलं) दाखवूनही 4-5 सेंटिमीटर फरक येत असेल, तर परावर्तन आहे, म्हणजे सिग्नल कशावर तरी आपटून येतोय. उपग्रहांच्या एल1 या मुख्य सिग्नलच्या लहरीची लांबी 19 सेंटिमीटर. काचेवरून आलेला सिग्नल तिच्या चौथ्या हिश्शापर्यंत घोळ घालतो. लोअर परळच्या टॉवरांमध्ये हे होणारच, आणि कोणतंही सेटिंग ते पुरतं निस्तरत नाही. क्षितिजापासून 15 अंशांपर्यंतचे खालचे उपग्रह वगळा, नाहीतर जागा बदला.

सूर्यास्तानंतरचं काम शक्यतो टाळा, विशेषतः मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. मुंबईच्या अक्षांशावर आयनोस्फिअर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, तेव्हा खवळलेलं असतं. मीटरभर अंतरावरच्या दोन अँटेनांना त्याची चूक जवळपास सारखीच लागते, पण सिग्नल तुटला की फिक्स जातो. आणि लांबच्या बेसवर टेकलेलं आरटीके तर आधी कोसळतं.

पावसाळ्यात पहिला मरतो तो कनेक्टर. खाऱ्या हवेत त्यात हिरवट थर धरतो, सिग्नल हळूहळू पडत जातो आणि दोष बोर्डावर येतो. जोडणीवर स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप गुंडाळा, केबलला खाली एक वळसा ठेवा म्हणजे पाणी तिथूनच ठिबकेल.