पाटणची तांब्याची तारा : एक उन्हाळा, एक पावसाळा वापरल्यानंतर

मूर्ती हरित तारेची, म्हणजे नेपाळ-तिबेटच्या बौद्ध परंपरेतल्या एका देवीची. उंची आठ इंच, वजन दोन किलोच्या आसपास, धातू तांबं. चेहरा, गळा, हात आणि पावलं यांच्यावर सोन्याचा मुलामा, बाकीचं अंग तांब्याचंच, पण मुद्दाम गडद केलेलं. नेपाळात पाटणला महाबौद्ध मंदिराजवळच्या गल्लीतून घेतली, आपल्या पैशात 28,000 रुपये पडले. दसऱ्यानंतर विहारातल्या मंडळींबरोबर लुंबिनीची सहल होती, शेवटचा मुक्काम काठमांडूत, तेव्हाची ही खरेदी. तेव्हापासून ती जुळे सोलापुरातल्या आमच्या हॉलमध्ये आहे. येणारा-जाणारा बघतो, किंमत विचारतो आणि "ऑनलाइन दीड हजारात मिळते की" म्हणतो. मिळते, मीही बघितली आहे. दोन्हींत फरक काय, हे दरवेळी चहा होईपर्यंत सांगत बसण्यापेक्षा एकदा लिहून टाकते.

पहिला प्रश्न सगळ्यांचा ठरलेला : हरित तारा म्हणता, मग हिरवी कुठाय? हिरवा रंग चित्रात असतो. धातूच्या मूर्तीत ती ओळखायची ती बसण्यावरून. डावा पाय ध्यानाला बसल्यासारखा आत दुमडलेला, उजवा पाय आसनावरून खाली सोडलेला आणि त्या पावलाखाली वेगळं छोटं कमळ. श्वेत तारा याच्या उलट, दोन्ही पाय वर घेऊन पद्मासनात बसते आणि तिला सात डोळे असतात : चेहऱ्यावर तीन, दोन तळहातांवर, दोन तळपायांवर. ऑनलाइनच्या कित्येक मूर्तींत हे दोन्ही सरमिसळ झालेलं दिसतं. पाय खाली सोडलेला, आणि तळहातावर डोळाही कोरलेला. साचा करणाऱ्याने कुठला तरी फोटो बघून केलेलं काम ते.

त्या सोडलेल्या पायाचा अर्थ असा की ती ध्यानात आहे, पण हाक आली तर उठायच्या तयारीत आहे. आमच्या सासूबाईंनी हा अर्थ कुणी न सांगता ओळखला. पहिल्या आठवड्यात लांबूनच बघत होत्या. मग म्हणाल्या, "ही बाई दाराची कडी वाजली की उठायच्या बेतात बसलीय की गं." तांब्याचा तो पाय बघून असं वाटावं यासाठी घोट्याची कलाटणी नेमकी लागते. आमच्या मूर्तीत अंगठा किंचित वर आहे आणि टाचेचा भार कमळावर पडलेला दिसतो. स्वस्तातल्या मूर्तीत पाय नुसता लोंबतो. कारागिरी आणि चिन्हांचा अर्थ या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, असं माझं आता पक्कं मत झालं आहे. अर्थ माहीत नसलेल्याच्या हातून घोटा चुकतो.

हातांचंही तेच. उजवा हात गुडघ्यावर, तळवा बाहेर, बोटं खाली : वरदमुद्रा, देणारा हात. डावा हात छातीशी, त्यात अंगठा आणि अनामिका एकमेकांना टेकलेली, बाकीची तीन बोटं वर. ती तीन बोटं म्हणजे बुद्ध, धम्म, संघ. त्याच बोटांतून निळ्या कमळाचा देठ निघतो आणि दंडाला लागून खांद्यापर्यंत चढतो. त्यावर एक कळी, एक उमललेलं फूल आणि एक फूल होऊन गेलेलं. तीन काळांतले बुद्ध असा त्याचा अर्थ लावतात. आमच्या मूर्तीतला देठ वेगळा ओतून दंडापाशी बारीक खिळ्याने जोडला आहे. तो खिळा मला दिसायला कित्येक दिवस लागले, कारण तो बाजूबंदाच्या नक्षीतल्या एका टिंबात लपवला आहे. बाजूबंदावर अशी टिंबं ओळीने आहेत, त्यातलं एक टिंब किंचित चपटं आहे, तोच खिळा.

आता घरातला खरा वाद. आमचं घर मूळ मिलिंदनगरचं. सासूबाईंच्या वडिलांनी 1956 च्या धम्मदीक्षेनंतर घरातले देव गाठोड्यात बांधून विहिरीत टाकले होते, ही गोष्ट आमच्याकडे प्रत्येक लग्नात एकदा तरी निघते. त्यामुळे मूर्ती पिशवीतून बाहेर निघाली तशी सासूबाई म्हणाल्या, "बापानं देव टाकले आणि तू पैसे मोजून देवी आणलीस?" प्रश्न चुकीचा नव्हता. बावीस प्रतिज्ञा आमच्या घरात नुसत्या भिंतीवर लावायला नाहीत. मी एवढंच सांगितलं की हिच्यापुढे नवस नाही, नैवेद्य नाही, हळदकुंकू नाही. वंदना बुद्ध आणि बाबासाहेबांपुढेच होईल. ही पुस्तकांच्या कपाटावर बसेल, एक पायरी खाली.

त्यांना ती खरी पटली ती ज्ञानचंद्रेच्या गोष्टीने. तिबेटी परंपरेत तारेच्या मागच्या जन्माची कथा अशी सांगतात : ज्ञानचंद्रा नावाची राजकन्या साधनेत फार पुढे गेली, तेव्हा भिक्खूंनी तिला सल्ला दिला की पुढचा जन्म पुरुषाचा मागून घे. तिने साफ नकार दिला. पुरुषदेहात बोधी मिळवू पाहणारे पुष्कळ आहेत, मी संसार रिता होईपर्यंत बाईच्याच देहात काम करीन, असा तिचा निश्चय. सासूबाईंनी ही गोष्ट महिला मंडळात सांगितली, आणि नंतरच्या रविवारी मंडळातल्या सहा-सात जणी मूर्ती बघायला आमच्याकडे हजर. ती एक पायरी खालची जागा मात्र आजही तशीच आहे, आणि मला ते बरोबरच वाटतं.

तारा नेपाळ-तिबेटची, आपला काय संबंध, असं म्हणणाऱ्यांनी औरंगाबादची लेणी बघावीत. सात नंबरच्या लेण्यात अवलोकितेश्वराभोवती, म्हणजे करुणेच्या बोधिसत्त्वाभोवती, आठ भयं कोरली आहेत : आग, बुडणारी नाव, सिंह, साप, हत्ती, चोर, बेड्या, पिशाच्च. गाभाऱ्यात एक स्त्री नाचते आहे आणि भोवती सहाजणी वाद्यं घेऊन बसल्या आहेत, तिला बरेच अभ्यासक तारा मानतात. ही भयं व्यापाऱ्यांची आहेत, तांड्यांची आहेत. आपल्या शेजारचं तेर म्हणजे जुनं तगर, तिथून माल भडोचपर्यंत जायचा. त्या वाटेवरच्या माणसाला चोर आणि सिंह दोन्ही खरे होते. पुढे तारेच्या नावानेही हीच आठ भयं सांगितली जाऊ लागली.

कामाबद्दल. पाटणचे मूर्तिकार नेवार, म्हणजे काठमांडू खोऱ्यातल्या मूळ समाजाचे, त्यांतली पुष्कळ घराणी शाक्य आडनावाची. (बुद्धाचं कुळही शाक्यच, त्यामुळे हे ऐकून आमच्या बसमधल्या निम्म्या लोकांनी दुकानदाराशी हात मिळवले. त्याला सवय असावी.) 1260 साली याच खोऱ्यातून ऐंशी कारागिरांची तुकडी तिबेटात स्तूप बांधायला गेली होती, तिचा म्होरक्या अर्निको जेमतेम पंधरा-सोळा वर्षांचा. तो पुढे कुब्लाई खानाच्या दरबारी पोचला आणि बीजिंगमधला पांढरा स्तूप 1279 मध्ये त्याच्या देखरेखीखाली उभा राहिला.

पद्धत मेणाची. आधी मूर्ती मेणात घडवतात, तिच्यावर माती, शेण आणि भाताचा कोंडा यांचे थर चढवून वाळवतात, तापवून मेण काढून टाकतात आणि त्या पोकळीत वितळलेलं तांबं ओततात. मग माती फोडायची. साचा एकदाच वापरला जातो, म्हणून एकाच कारागिराच्या दोन मूर्ती शेजारी ठेवल्या तरी फरक दिसतो. ही विद्या आपल्याला परकी नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात लिहिलेल्या मानसोल्लासात मेणाच्या ओतकामाचं वर्णन आहे, मेणाच्या वजनावरून धातू किती घ्यायचा तेही आहे. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, इथून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं.

ओतल्यानंतरचं काम छिन्नीचं, आणि पैसे खरे तिथे जातात. वस्त्राच्या काठावरची वेलबुट्टी, केसांच्या बटा, कमळाच्या पाकळीची दुहेरी कड, हे सगळं ठोकून काढलेलं असतं. आमच्या मूर्तीचं समोरचं काम उत्तम आहे. पाठीमागे मात्र हात आखडता घेतलाय. कमळाच्या पाकळ्या मागे आहेत, पण उथळ, आणि उजव्या कमरेशी ओतताना राहिलेलं भोक बुजवल्याची खूण बोटाला लागते. या किमतीत ते चालायचंच. दुकानात तिप्पट किमतीची एक मूर्ती बघितली, तिची पाठ पोटाइतकीच देखणी होती.

मुलाम्याबद्दल एक गोष्ट मनाला खाते. जुनी रीत म्हणजे सोनं पाऱ्यात कालवून तांब्यावर लेप द्यायचा आणि आच द्यायची. पारा उडून जातो, सोनं बसतं. त्याची झळाळी विजेवर चढवलेल्या पाण्याला येत नाही, मऊ दिसते, आतून आल्यासारखी. पण उडालेला पारा जातो कुठे, तर भट्टीपाशी बसलेल्या माणसाच्या छातीत. अर्धा मुलामा असलेली मूर्ती मी घेतली त्यात किंमत हे कारण होतंच, पण हेही होतं. आणि खरं सांगायचं तर गडद तांब्यातून उजळ चेहरा आणि हात पुढे येतात, ते मला पूर्ण सोनेरी मूर्तीपेक्षा आवडतं. पूर्ण सोनेरी मूर्ती ट्यूबलाइटखाली सपाट दिसते.

वापरातले अनुभव. मे महिन्यात पारा त्रेचाळिसाच्या वर गेला, दुपारी मूर्तीला हात लावला तर कोमट लागायची. धातूला काही झालं नाही, पण मुकुटातला एक फिरोजी खडा निखळून खाली पडला. खडे कोंदणात बसवलेले नसून डिंकासारख्या कशाने तरी चिकटवलेले होते. सराफाकडे नेली. त्याने भिंगातून बघून खडा खरा फिरोजा नाही हे पहिल्या मिनिटात सांगितलं, वर पाच मिनिटं छिन्नीचं काम बघत बसला आणि खडा बसवायचे पैसे घेतले नाहीत. दुकानदाराने खडे खरे असल्याचं सांगितलं होतं, ही माझी त्याच्याबद्दलची एकमेव तक्रार.

पावसाळ्यात वेगळंच. भाच्याने घामेजल्या हाताने मूर्ती उचलली आणि मुलामा नसलेल्या पाकळीवर त्याच्या अंगठ्याचा ठसा उमटला. दोन-चार दिवसांत तो काळपट झाला, रेषा न् रेषा मोजता येईल असा. तो आता तिथेच राहणार. मूर्ती उचलायची तर कोरड्या फडक्याने, बुडाला धरून.

आणि कृपा करून घासू नका. आमच्या कामवाल्या मावशी एकदा प्रेमाने चिंच घेऊनच आल्या होत्या. चिंच, लिंबू, भांड्यांची पावडर, काहीही लावून घासलं तर मुलामा जातो. चेहऱ्यावर तर मुलाम्यावरून सोन्याची पूड सरसात कालवून रंगवलेली असते, डोळे-ओठ नुसत्या रंगाचे, ओल्या फडक्यानेही निघतील. सोलापूरची धूळ जगजाहीर आहे. मी मेकअपचा मऊ ब्रश ठेवलाय, आठवड्याला एकदा वरून खाली फिरवते, बास.

तुलनेसाठी सांगते, गृहप्रवेशाला आलेला रेझिनचा बुद्ध, खाली दिवे आणि पाण्याचं कारंजं असलेला, पहिल्याच उन्हाळ्यात खांद्यावरून पोपडे धरू लागला. कारंजं त्याआधीच बंद ठेवलं होतं, आमच्याकडे नळाला पाणी कधी येतं ते सांगायला नको.

मूर्ती आतून पोकळ आहे. तिबेटी रिवाजात आत मंत्रांच्या गुंडाळ्या, धान्य, सुगंधी चूर्ण भरून तळाला विश्ववज्र (एकमेकांना छेदणारी दोन वज्रं) कोरलेला पत्रा ठोकतात. आमची रिकामी आली, पत्रा वेगळा. सासूबाईंनी बोधगयेहून आणलेलं पिंपळाचं पान आणि त्रिशरण-पंचशील लिहिलेला कागद आत घातला, पत्रा बाहेरून मेणाने चिकटवला. रिवाजात बसतं का, कुणाला विचारलं नाही.

थांगका, म्हणजे कापडावर रंगवलेलं बौद्ध चित्र, घ्यावा का, असं दोघी-तिघींनी विचारलं. हाताने रंगवलेला चांगला थांगका मूर्तीपेक्षा नाजूक असतो. खडू आणि सरस लावून घोटलेल्या कापडावर रंग बसवलेला असतो, पश्चिमेच्या उन्हात टांगला किंवा सारखा गुंडाळला की तडकतो. आमच्या हॉलला पश्चिमेची खिडकी, म्हणून मी घेतला नाही. छापील चित्रावर वरून रंग मारून विकतात ते ओळखायला भिंग लागतं, छपाईचे ठिपके दिसतात.

घ्यायचीच असेल तर आधी मूर्ती उलटी करून तळ बघा, मग पाठ, मग बोटं. बोटं एकमेकांपासून सुटी आणि नखासकट असली पाहिजेत. चेहरा सगळ्यात शेवटी बघा, कारण चेहऱ्यावर सोनं असतं आणि तिथे नजर फसते. नेपाळी रुपयात किंमत सांगितली तर 1.6 ने भागा. मूर्ती मुद्दाम जुनाट दिसेल अशी केलेली असेल तर काठमांडूच्या पुरातत्त्व विभागाचा शिक्का दुकानदाराकडूनच करून घ्या, नाहीतर विमानतळावर अडवतात. बिलावर तांबं की पितळ, मुलामा कुठला आणि खडे खरे की नकली, हे तिन्ही लिहून मागा. तोंडी सांगणारे पुष्कळ भेटतात, लिहून देताना सूर बदलतो.