गाडी आमची, कागदावर नाव भलत्याचंच

स्वतःची गाडी जहाजाने दुसऱ्या खंडात न्यायची आणि तिथले रस्ते तिच्यातून फिरायचे, असा बेत ज्यांनी आखलाय त्यांनी कुणाच्याही हातावर आगाऊ रक्कम ठेवण्याआधी हे वाचावं. आमची गाडी बुडाली नाही की जहाजातून गायब झाली नाही. ठरलेल्या बंदरात ती वेळेवर उतरली. नोंदणीचे कागद, दुसरी किल्ली, भाडं भरल्याची पावती, सगळं आमच्याकडे होतं. तरीही कित्येक आठवडे ती आमच्या ताब्यात आली नाही, कारण जहाज कंपनीच्या दप्तरी ती आमची नव्हतीच. हे चुकून होत नाही, पद्धतशीर घडवून आणलं जातं. कसं, तेच इथे लिहिते आहे.

एजंटचं नाव आम्हाला लांब पल्ल्याच्या प्रवाशांकडून मिळालं. त्याचा दर बाकीच्यांपेक्षा कमी होता, पण संशय यावा इतका कमी नव्हता. आणि माणूस जाणकार होता. वीस फुटी कंटेनरच्या दाराची उंची साधारण दोन मीटर अठ्ठावीस सेंटीमीटर असते, तेव्हा छतावरचा तंबू काढून गाडीच्या आत ठेवावा लागेल, हे त्यानेच सांगितलं. टाकीत पाव भागापेक्षा जास्त इंधन ठेवू नका, बॅटरीची तार सोडून ठेवा, चाकं आणि गाडीचं पोट धुऊन घ्या, माती दिसली तर काही देशांत गाडी अडवतात, हेही सांगितलं. यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. रो-रो जहाजाने, म्हणजे ज्यात गाडी चालवतच आत नेतात आणि बाहेर काढतात अशा जहाजाने पाठवावी का, असं आम्ही विचारलं तर म्हणाला, "रो-रोला किल्ली दुसऱ्याच्या हातात जाते आणि सामान आत ठेवू देत नाहीत. तुमच्याकडे सामान आहे, कंटेनरच घ्या." हाही सल्ला योग्यच होता. म्हणून सांगते, एजंटला सगळं नीट माहीत आहे एवढ्यावरून त्याच्यावर भरवसा टाकू नका. आपला धंदा त्याला माहीत असणारच, फसवणाऱ्याला तर जास्तच.

विमाही त्याने असाच विकला. २०२२ मध्ये फेलिसिटी एस हे जहाज सुमारे चार हजार गाड्या घेऊन जाताना अटलांटिकमध्ये पेटलं आणि शेवटी बुडालं. २०२१ मध्ये एव्हर गिव्हन सुवेझ कालव्यात अडकलं, तेव्हा जहाजमालकाने 'जनरल अ‍ॅव्हरेज' जाहीर केलं. म्हणजे ज्यांच्या मालाला धक्काही लागला नव्हता त्यांच्यावरही जहाज सोडवण्याच्या खर्चातला वाटा उचलायची वेळ आली. ही दोन्ही उदाहरणं देऊन त्याने "सर्व जोखीम" म्हणून विम्याचा हप्ता भाड्याबरोबरच घेतला. उतरण्याच्या बंदरात अजून काय भरावं लागेल, असं आम्ही लेखी विचारलं होतं. "नेहमीचे किरकोळ खर्च, बाकी सगळं धरलेलं आहे," असं लेखी उत्तर आलं. "मॅडम, गाडी तुमची, जबाबदारी आमची," हे वाक्य त्याच्या तोंडी कायम असायचं.

गाडी कंटेनरमध्ये चढली. चाकांना पट्टे आवळलेले, पुढेमागे लाकडी ठोकळे मारलेले, असे फोटो आले. जहाज निघालं. इथून पुढे त्याची भाषा बदलली. बिल ऑफ लेडिंग, म्हणजे माल जहाजावर चढल्याचा कागद, मागितलं की "आज होईल, उद्या होईल". मग म्हणे सही व्हायची आहे, मग म्हणे कंपनीची सिस्टिम बंद आहे. जहाज निघाल्यावर बिल काही दिवसांत मिळायला हवं. फारच मागे लागलो तेव्हा त्याने नुसता कंटेनरचा नंबर पाठवला. जगातल्या प्रत्येक कंटेनरवर चार अक्षरं आणि सात आकडे असतात. पहिली तीन अक्षरं मालकाची, चौथं बहुतेक 'यू', मग सहा आकडी क्रमांक, आणि सातवा आकडा पडताळणीचा. आधीच्या दहा चिन्हांवरून ठरलेल्या गणिताने तो निघतो. नंबर कुणी मनाने रचला की तो सहसा जुळत नाही. त्याने दिलेला नंबर जुळत नव्हता. विचारलं तर "टायपिंगमध्ये चूक झाली असेल" म्हणाला आणि दुसरा नंबर दिला. तो खरा होता, पण त्या कंटेनरचा प्रवास वेगळ्याच बंदराकडे चालला होता. त्याने पाठवलेल्या एकाही फोटोत कंटेनरचं दार दिसत नव्हतं, हे तेव्हा आमच्या लक्षात आलं. दारावरच तर नंबर आणि सील असतं.

बिल अखेर आलं ते जहाज पोचायच्या बेताला. त्यावर शिपर, म्हणजे माल पाठवणारी, म्हणून माझं नाव, माल घेणारी म्हणूनही माझंच नाव, आणि ठळक अक्षरांत 'फ्रेट प्रीपेड', म्हणजे भाडं आगाऊ भरलेलं. जीव भांड्यात पडला. लगोलग उतरण्याच्या बंदरातल्या एका कंपनीचा मेल आला. आम्ही तुमच्या एजंटचे इथले प्रतिनिधी, गाडी सोडवायची तर सोबतची रक्कम भरा. खाली लांबलचक यादी होती. टर्मिनल हाताळणी, कागदपत्रं, कंटेनर रिकामा करणं, प्रशासकीय शुल्क, सुरक्षा शुल्क, सल्ला शुल्क, आणि कशाचं ते न लिहिलेलं 'समन्वय शुल्क'. सगळं मिळून समुद्रभाड्याहून जास्त भरत होतं.

आम्ही थेट जहाज कंपनीच्या कार्यालयात गेलो. काउंटरवरच्या बाईंनी आमचं बिल पाहिलं, कंटेनरचा नंबर टाकला आणि स्क्रीन आमच्याकडे वळवला. त्यावर शिपर म्हणून आमचा एजंट होता. माल घेणारा म्हणून तीच मेल पाठवणारी कंपनी. माझं नाव कुठेच नव्हतं. भाड्याच्या रकान्यात होतं 'कलेक्ट', म्हणजे पोचल्यावर वसूल करायचं. त्या शांतपणे म्हणाल्या, "हे बिल आमचं नाही. आमच्या बिलावर ज्यांचं नाव आहे त्यांनाच आम्ही ओळखतो. आणि भाडं अजून यायचं आहे."

ही दोन बिलं समजून घ्या, कारण सगळी फसवणूक यांच्यामधल्या फटीत होते. जहाज कंपनी जे देते ते मास्टर बिल. फॉरवर्डर, म्हणजे माल पाठवण्याची व्यवस्था करणारा एजंट, स्वतःच्या लेटरहेडवर गिऱ्हाइकाला देतो ते हाऊस बिल. हाऊस बिल ही लबाडी नव्हे. एका कंटेनरमध्ये अनेकांचा माल असला की प्रामाणिक फॉरवर्डरही तसंच करतो. पण बिल ऑफ लेडिंग ही नुसती पावती नसते. ते कराराचा पुरावा असतं आणि मालावरच्या हक्काचा दस्तऐवजही असतं. बंदरात माल सोडणारी डिलिव्हरी ऑर्डर जहाज कंपनी मास्टर बिलावरच्या नावाला देते. ते नाव एजंटच्या भागीदाराचं असेल, तर तुमची गाडी त्याच्या मर्जीवर. आमच्या कंटेनरमध्ये दुसऱ्या कुणाचंही सामान नव्हतं. मास्टर बिल आमच्या नावावर न काढण्याचं कोणतंही सरळ कारण नव्हतं. भाड्याचंही तसंच. आमच्याकडून त्याने पूर्ण भाडं आगाऊ घेतलं, आमच्या बिलावर 'प्रीपेड' छापलं, आणि जहाज कंपनीकडे माल नोंदवला तो 'भाडं पोचल्यावर वसूल करा' म्हणून. थकलेल्या भाड्यासाठी माल अडवून ठेवायचा अधिकार जहाज कंपनीला असतो. तेव्हा एकाच समुद्रप्रवासाचं भाडं आम्ही दोनदा भरलं.

यात वेळ हेच त्यांचं मुख्य हत्यार. बंदरात मोजकेच दिवस मोफत मिळतात. नंतर कंटेनर आवारात पडून राहिला की डेमरेज, बाहेर नेऊन रिकामा परत द्यायला उशीर झाला की डिटेन्शन, आणि दर चढत्या पायऱ्यांचे. त्या प्रतिनिधी कंपनीला घाई नव्हती. आम्ही एकेका शुल्काचा हिशेब मागायचो, ते चार-चार दिवसांनी एका ओळीचं उत्तर द्यायचे, आणि तेवढ्यात डेमरेज चढायचं. फार काळ माल पडून राहिला तर कस्टम्स त्याचा लिलाव करू शकतं, याची आठवण ते प्रत्येक मेलमध्ये न चुकता करून द्यायचे. तिकडे कार्नेटचा काळही संपत होता. कार्नेट द पासाज हा गाडीचा तात्पुरत्या आयातीचा कागद, १९५४ च्या न्यूयॉर्क कराराच्या आधाराने ऑटोमोबाइल संस्था देतात. बऱ्याच देशांत तो लागतो, साधारण वर्षभर चालतो. त्यासाठी मोठी हमी ठेवावी लागते. गाडी देशाबाहेर गेल्याचा शिक्का मारायचा राहून गेला, तर कस्टम्स संस्थेकडे शुल्क मागतं आणि संस्था आपल्या हमीतून ते वळतं करते. एजंटने "शिक्क्यांसाठी" मूळ कार्नेट मागितलं होतं. नवऱ्याने ते दिलं नाही, निघताना स्वतः कस्टम्समध्ये जाऊन शिक्का मारून आणला. तेही त्यांच्या हातात असतं तर आणखी काय झालं असतं, याचा विचारही करवत नाही.

सुटका झाली ती त्या टोळीशी काहीही संबंध नसलेल्या एका कस्टम्स ब्रोकरमुळे, म्हणजे कस्टम्समधून माल सोडवून देणाऱ्या माणसामुळे. त्याने आधी टर्मिनलचं आणि जहाज कंपनीचं छापील दरपत्रक आणलं. यादीतली टर्मिनल हाताळणी त्याच्या कितीतरी पट होती. मग वकिलाची नोटीस गेली. सल्ला, सुरक्षा आणि समन्वय ही तिन्ही शुल्कं एका दिवसात गळाली, म्हणजे ती कधी खरी नव्हतीच. बाकीची रक्कम मात्र भरावी लागली. ब्रोकरने सांगितल्याप्रमाणे आम्ही ती "हरकत नोंदवून आणि परतीचा हक्क राखून" असं लेखी कळवून भरली. तुमच्यावर अशी वेळ आली तर हे वाक्य विसरू नका, नुसती मुकाट्याने भरलेली रक्कम पुढे परत मागणं फार अवघड जातं.

कंटेनर उघडायला गेलो तेव्हा दारावरचं सील बिलातल्या नंबरचं नव्हतं. आत गाडीच्या डाव्या दारावर पत्र्यापर्यंत ओरखडा होता. तंबू नव्हता, अवजारांची पेटी नव्हती. विमा कंपनीला कळवलं तर पॉलिसी नंबर खरा निघाला, पण ती एजंटची ओपन पॉलिसी होती, म्हणजे जिच्यात प्रत्येक माल वेगळा नोंदवावा लागतो अशी, आणि आमची गाडी तिच्यात कधी नोंदवलेलीच नव्हती. हप्ता त्याने खिशात घातला होता. प्रमाणपत्रावर कलम लिहिलं होतं तेही 'सी'. मालविम्याच्या इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेसमध्ये ए, बी, सी असे तीन प्रकार असतात. 'सी'मध्ये आग, जहाज बुडणं, टक्कर असे मोजके धोके येतात, चोरी 'बी'मध्येही येत नाही. सर्व जोखीम हवी तर 'ए' असावा लागतो, आणि गाडीत ठेवलेल्या वस्तूंची यादी वेगळी जोडावी लागते.

जहाज कंपनी भरपाई देईल या भरवशावरही राहू नका. समुद्री मालवाहतुकीचे हेग-व्हिस्बी हे आंतरराष्ट्रीय नियम जिथे लागू आहेत तिथे तिची जबाबदारी एका नगाला ६६६.६७ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) किंवा वजनाच्या किलोमागे २ एसडीआर, यातलं जे जास्त असेल तितकीच असते. शिवाय दिसणारं नुकसान माल घेतानाच लेखी नोंदवायचं, न दिसणारं तीन दिवसांत, आणि दाव्याची मुदत एक वर्ष. फसवणारे तडजोडीच्या गोड बोलण्यात हेच वर्ष काढतात. आम्हालाही "थोडं थांबा, मिटवून टाकू" असे निरोप सतत येत होते. दारातच ब्रोकरसमोर फोटो काढून, सीलचा फरक लिहून, दोघांच्या सह्या घेतल्या होत्या. दाव्यात आज तोच कागद उपयोगी पडतो आहे.

एजंटविरुद्ध तक्रार दिली आहे. त्याने फर्मचं नाव बदललंय, फोन तोच ठेवलाय. आमची रक्कम ज्या बँक खात्यात गेली ते फर्मच्या नावाचं नव्हतं, "भगिनी कंपनी"चं होतं. अशाच पद्धतीने अडकलेले आणखी दोघे प्रवासी आम्हाला भेटले आणि त्यांच्या बिलांवर उतरण्याच्या बंदरातली तीच प्रतिनिधी कंपनी आहे.

ज्यांनी अजून रक्कम भरली नाही त्यांनी पूर्ण कंटेनर घ्यावा किंवा रो-रोने जावं, आणि करारातच लिहून घ्यावं की मास्टर बिल माझ्या नावावर, शिपर मी, घेणारी व्यक्तीही मी. बुकिंग नंबर हाती आला की जहाज कंपनीला स्वतः फोन करून भाडं प्रीपेड नोंदवलंय का ते विचारा. उतरण्याच्या बंदरातल्या प्रतिनिधीचं नाव आणि त्याचं दरपत्रक निघण्याआधी मागा. ते द्यायला जो कचरतो त्याला गाडी देऊ नका, दर कितीही चांगला असो. विम्याची पॉलिसी स्वतः काढा. कंटेनर बंद होताना तिथे उभं राहता आलं तर उत्तमच, नाहीतर नंबरासकट उघडं दार आणि सीलसकट बंद दार, असे दोन्ही फोटो मागा.

आणि ज्यांची गाडी आत्ता समुद्रात आहे आणि बिल मिळालेलं नाही, त्यांनी एजंटच्या मागे लागण्यात दिवस घालवू नयेत. कंटेनरचा किंवा बुकिंगचा नंबर घेऊन जहाज कंपनीच्या दोन्ही बंदरांतल्या कार्यालयांना आजच लेखी कळवा की गाडीच्या मालक तुम्ही आहात, सोबत नोंदणीची प्रत आणि भाड्याची पावती जोडा, आणि घेणाऱ्याचं नाव बदलण्याची मागणी करा. शिपर एजंट असेल तर ती दुरुस्ती कंपनी त्याच्याच सांगण्यावरून करेल, पण तुमची हरकत नोंदली गेली की पुढे ब्रोकरला आणि वकिलाला पाय रोवायला जागा मिळते. जहाज लागण्याआधी तिथला ब्रोकर ठरवून ठेवा, आणि तो एजंटने सुचवलेला नसावा.