पेन्शनरांना विकले जाणारे वावर

निवृत्तीनंतर स्वस्तात राहता यावे, हाकेच्या अंतरावर माणसे असावीत म्हणून खेड्याकडे वळायचे, ही इच्छा रास्त आहे आणि विदर्भात ती पूर्णही होते. पण तिच्याच जोरावर नागपूर, वर्धा, यवतमाळ, चंद्रपूर या पट्ट्यात फसवणुकीचा एक धंदा चालतो. रस्त्यालगतच्या वावरात, म्हणजे शेतात, चुन्याच्या रेघा मारतात, कमान उभी करतात, 'पेन्शनर कॉलनी' किंवा 'ज्येष्ठांचे गाव' असा फलक लावतात. फलकावर मंदिर असते, दवाखाना असतो, सकाळी फिरायची बाग असते. यात जाणारा पैसा ग्रॅच्युइटीचा आणि पीएफचा असतो, आयुष्यात एकदाच हाती येणारा. म्हणून हा व्यवहार आतून कसा असतो ते सविस्तर लिहीत आहोत.

लेआउट टाकणाऱ्याने, म्हणजे शेताचे प्लॉट पाडून विकणाऱ्याने, बहुतेक वेळा जमीन विकत घेतलेलीच नसते. त्याने शेतकऱ्याला थोडा बयाणा दिलेला असतो आणि मुद्रांकावर, नोटरीसमोर एक इसारपत्र (पुढे विक्री करण्याचा करार) केलेले असते. त्या कागदाने मालकी येत नाही. सातबाऱ्यावर नाव शेतकऱ्याचेच राहते. तरीही याच बळावर तो प्लॉटचे बुकिंग घेतो. 50 जणांकडून प्रत्येकी 51,000 रुपये घेतले की साडेपंचवीस लाख गोळा होतात, पुढे 24 किंवा 36 महिन्यांचे हप्ते सुरू होतात. शेतकऱ्याला उरलेली रक्कम मिळत नाही. मुदत संपली की तो इसार मोडतो आणि पुढच्या हंगामात तिथे पुन्हा तूर-कपाशी पेरतो. त्यात त्याची काहीच चूक नसते. प्लॉटधारकांच्या हाती उरतात त्या फक्त रंगीत पावत्या.

काही जण खरेच रजिस्ट्री करून देतात, आणि तिथे तर जास्त सावध राहावे लागते. 2023 च्या अधिसूचनेप्रमाणे जिरायतीचे प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे विकता येणारा किमान तुकडा, 20 गुंठे आणि बागायतीचे 10 गुंठे आहे. त्याहून लहान तुकडा विकायला तुकडेबंदी कायदा आड येतो. मग बागायतीच्या अकरा गुंठ्यांचे एकच विक्रीपत्र करून त्यात दहा जणांची नावे घालतात. प्रत्येकाला तोंडी सांगतात की कोपऱ्यातला 7 नंबर तुमचा. कागदावर मात्र ते असते अविभक्त शेत. त्यात तुमचा प्लॉट कुठे आहे हे कोणीच सांगू शकत नाही. घराची परवानगी मिळत नाही, बँक कर्ज देत नाही आणि ठरावीक तुकडा विकायचा म्हटले तर बाकी नऊ जणांच्या सह्या लागतात. दहापैकी एक-दोघे वारले की त्यांच्या वारसांना शोधत फिरावे लागते. शहरी भागातले जुने तुकडे नियमित करण्याच्या बातम्या दाखवून दलाल भुलवतात. पण त्या सवलती आधी झालेल्या व्यवहारांसाठी आहेत, शेतातल्या आजच्या खरेदीला त्या लागू होत नाहीत.

शिवाय विदर्भाचा कूळकायदा वेगळा आहे, 1958 चा. त्याच्या कलम 89 मुळे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. निवृत्त शिक्षक किंवा लिपिकाच्या नावे कुठेही शेती नसेल, तर 'शेतकरी दाखला आम्ही करून देतो' म्हणणारा माणूस त्यांना खोट्या दाखल्याच्या गुन्ह्यात ओढतो आहे, हे ओळखावे.

त्यामुळे बयाण्याआधी तीन गोष्टी मागाव्यात: मौजा (महसुली गाव), पटवारी हलका (तलाठ्याचे क्षेत्र) क्रमांक आणि खसरा (शेताचा सर्व्हे) क्रमांक. 'आधी बुकिंग करा, मग सांगतो' असे उत्तर आले की उठून निघावे. हे तिन्ही हाती असले की महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर सातबारा फुकट पाहता येतो, डिजिटल सहीची प्रत 15 रुपयांत मिळते. त्यात चार ठिकाणी नजर टाका. मालकाचे नाव विकणाऱ्याचेच आहे का? भोगवटादार वर्ग 1 (विकायची मोकळीक असलेला) आहे की 2? वर्ग 2 ची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय हस्तांतरित होत नाही. 'इतर हक्क' रकान्यात बँकेचा बोजा किंवा कोर्टाची नोंद आहे का? आणि एखादा फेरफार (नाव किंवा हक्क बदलाची नोंद) प्रलंबित आहे का? नंतर नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर सूची 2, म्हणजे नोंदलेल्या व्यवहारांची यादी, शोधा. तोच प्लॉट आधी कोणाला विकला आहे का ते तिथे कळते. वकिलाकडून 30 वर्षांचा शोध अहवाल घेण्याचा खर्च एका हप्त्यापेक्षा सहसा कमी येतो.

पूर्व विदर्भात झुडपी जंगल, म्हणजे महसुली कागदांत तशी नोंद असलेली झुडपांची जमीन, हा प्रश्न वेगळाच आहे. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांतल्या अशा जमिनी वनजमीन समजायच्या, असे सर्वोच्च न्यायालयाने 22 मे 2025 रोजी स्पष्ट केले. डोळ्यांना ते नुसते पडीत रान दिसते, म्हणून जुना अधिकार अभिलेख आणि निस्तार पत्रक (गावाच्या सामायिक जमिनींची नोंद) काढून पाहावेच लागते. मेळघाट, गडचिरोली आणि केळापूर-झरी भागात आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीला परवानगीविना घेता येत नाही. असा व्यवहार रद्द होऊन जमीन मूळ मालकाकडे परत जाते, आणि ते योग्यच आहे.

नकाशावर 'प्रस्तावित' किंवा 'तात्पुरती मंजुरी' असे असेल तर ती मंजुरी धरू नका. अकृषक आदेशाचा आणि अंतिम लेआउट मंजुरीचा क्रमांक घेऊन तहसील व नगररचना कार्यालयात स्वतः पडताळा. सरपंचाचा ठराव किंवा ग्रामपंचायतीचा नमुना 8 दाखवतात, पण नमुना 8 ही कराची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. एक हिशेब घरी बसूनही होतो. तीन एकर म्हणजे 1,30,680 चौरस फूट. रस्ते आणि मोकळी जागा यांत साधारण 40 टक्के गेले तर 1,500 फुटांचे 52 प्लॉट बसतात. नकाशावर 75 दिसत असतील, तर रस्ता किंवा बाग विकून टाकलेली आहे.

प्लॉटऐवजी 'एकरकमी ठेव द्या, आयुष्यभर सांभाळू' असे सांगत ज्येष्ठांपुढे ठेवल्या जाणाऱ्या योजनांना तर हातच लावू नका.

कागद चोख निघाले तरी जागा राहण्याजोगी आहे का, हे वेगळे तपासावे. अकोला, अमरावती, बुलढाण्यातल्या पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात बोअरचे पाणी खारट लागते. यवतमाळच्या काही गावांत पाण्यात फ्लोराइड आहे. एका लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा स्रोत नसेल तर 1.5 ही कमाल मर्यादा. म्हणून नमुना प्रयोगशाळेत द्या. वणी, चंद्रपूर, उमरेडकडे खाण किती जवळ आहे, स्फोटांनी भिंती तडकतात का, हे शेजारच्या घरात जाऊन पाहा. वीज गावठाण (गावातल्या वस्तीच्या) फीडरवर, म्हणजे वीजवाहिनीवर, आहे की शेतीच्या, हेही विचारा. शेतीच्या फीडरवर थ्री-फेज पुरवठा दिवसाचे काही तासच असतो. पांदण रस्ता (शेतांमधली कच्ची वाट) आणि रपटा (नाल्यावरचा ठेंगणा पूल) पावसाळ्यात पाहावा. ऑगस्टच्या रात्री नाल्याला पूर आला की सेवाग्रामचे रुग्णालय नकाशावर वीस मिनिटांवर असून उपयोग नसतो. आमचे मत असे की आधी तालुक्याच्या गावी किंवा गावठाणातच घर भाड्याने घ्यावे, एक मे महिना आणि एक पावसाळा तिथे काढावा. शेजार कसा आहे ते तेव्हाच समजते, आणि पुढे गावठाणातले सनद (जागेच्या हक्काचा सरकारी कागद) असलेले घर मिळाले तर ते लेआउटपेक्षा कितीतरी बरे.

पैसे आधीच अडकले असतील तर रोख देणे आजच थांबवा. पावत्या, फलकाचे फोटो, व्हॉट्सॲपवरचे निरोप जपा आणि सगळ्या प्लॉटधारकांनी मिळून आर्थिक गुन्हे शाखेत तक्रार द्या. मुदतीकडे विशेष लक्ष ठेवा. ग्राहक आयोगात दाद मागायला 2 वर्षे आणि करार पूर्ण करून घेण्याच्या दाव्याला 3 वर्षे असतात. हे लोक 'दिवाळीनंतर देतो' म्हणत नेमकी हीच वर्षे खाऊन टाकतात. परताव्याचा म्हणून पुढच्या तारखेचा धनादेश दिला, तर त्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत तो बँकेत भरा. न वटता परत आला, तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस पाठवा. नोटीस पोचल्यावर 15 दिवसांत पैसे आले नाहीत, तर त्यापुढच्या एका महिन्यात न्यायालयात तक्रार दाखल करायची असते.