बाळाची तपासणी: पालिकेचं आरोग्य केंद्र, जवळचे बालरोगतज्ज्ञ की मोठं रुग्णालय?

आमच्या भांडुपच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर नवं बाळ आलंय. त्याची आई परवा जिन्यात भेटली. बाळ खांद्यावर, दुसऱ्या हातात रुग्णालयाची फाईल. "ताई, दीड महिन्याचा डोस कुठे देऊ? पालिकेत फुकट आहे, आणि डॉक्टर एका वेळचे दहा हजारांच्या आसपास सांगतायत." मी म्हटलं, लस कुठेही दे, दोन्हीकडे चांगलीच आहे. तपासणी कुठे करणार ते आधी ठरव. ती म्हणाली, "म्हणजे तेच ना?"

तेच नाही. पण मुंबईत आपण बहुतेक सगळे ते एकच धरून चालतो. माझ्या मोठ्या मुलीचं सगळं खासगीत झालं, धाकट्याचं बरंचसं पालिकेच्या आरोग्य केंद्रात. दोन्हीकडचं थोडं सुख आणि थोडा मनस्ताप पदरात पडला, त्यावरून लिहितेय.

आधी तपासणी म्हणजे काय ते. मोठीला पहिल्यांदा दाखवायला नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "सगळे कपडे काढा. लंगोटसुद्धा." डिसेंबर होता, सासूबाईंच्या कपाळाला आठ्या. उघडं बाळ काट्यावर ठेवलं. मग लांबी मोजायच्या फळीवर एकीने डोकं धरलं, दुसरीने हलकेच गुडघे सरळ केले. टेप कपाळावरून मागे नेऊन डोक्याचा घेर घेतला. टाळूवर बोट फिरवलं. दोन्ही पाय दुमडून मांड्या बाहेर फाकवल्या, खुब्याचा सांधा निखळलेला नाही ना हे बघायला. डोळ्यांवर दिवा धरून बाहुलीत लाल चमक दिसते का ते पाहिलं. मग वजन, लांबी, डोक्याचा घेर हे तीन आकडे तक्त्यावर ठिपके देऊन नोंदवले. दहा-बारा मिनिटं गेली. इंजेक्शन त्यानंतर, आणि ते रडू फुटायच्या आत टोचून झालं होतं.

हे ठिपके महत्त्वाचे. एका दिवसाच्या वजनावरून फारसं कळत नाही. सासूबाई म्हणतात तसं "बाळसं धरलंय" हेही डोळ्यांना दिसतं, पण डोळे रोज बघतात म्हणून फसतात. साधारण हिशोब असा, की जन्माचं वजन पाच महिन्यांच्या आसपास दुप्पट आणि वर्षाला तिप्पट होतं. लांबी जन्माला ५० सेंटिमीटरच्या आसपास असते ती वर्षाला ७५ पर्यंत जाते. पण बाळ लहानखुरं असून स्वतःच्या रेघेवर चाललं असेल तर काळजीचं कारण नसतं, आणि गुटगुटीत बाळाची रेघ आडवी झाली तर असतं. सारखं वजन केलं की नजर लागते, असं आमच्याकडे म्हणतात. मी काजळाची तीट लावून वजन करायचे, म्हणजे दोन्ही बाजू खूश.

आता लशींबद्दल. पालिकेच्या आरोग्य केंद्रात, दवाखान्यात, प्रसूतिगृहात आणि पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत राष्ट्रीय वेळापत्रकातल्या लशी मोफत मिळतात. जन्मतः बीसीजी (क्षयरोगाची), पोलिओचे थेंब, हिपॅटायटिस बी. मग ६, १०, १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलंट (ट्रिपलसह पाच रोगांवरची एकच लस), पोलिओ, रोटा (जुलाबांवरची). ६ आणि १४ आठवड्यांना न्यूमोकोकल (न्यूमोनियावरची). ९ महिन्यांना गोवर-रुबेला, न्यूमोकोकलचा बूस्टर आणि 'अ' जीवनसत्त्वाचा पहिला डोस. १६ ते २४ महिन्यांत पुढचे बूस्टर. खासगीत याच्या जोडीला भारतीय बालरोग संघटनेच्या शिफारशीतल्या फ्लू, टायफॉइड, कांजिण्या, हिपॅटायटिस ए या लशी असतात, आणि गोवर-रुबेलाऐवजी गालगुंडासह असलेली एमएमआर. बिल वाढतं ते या जादा लशींनी, आणि ज्याला सगळे 'पेनलेस' म्हणतात त्या ट्रिपलच्या, म्हणजे घटसर्प-डांग्या खोकला-धनुर्वाताच्या लशीच्या, प्रकाराने. पेनलेस म्हणजे टोचताना दुखत नाही असं नाही, बाळ रडतंच. नंतर ताप आणि सूज कमी असते, एवढाच त्याचा अर्थ. त्याची डांग्या खोकल्यापासूनची राखण मात्र तापवाल्या लशीपेक्षा लवकर ओसरते. त्यामुळे "पालिकेची लस ताप आणते, म्हणजे हलकी" हे बोलणं सोडून द्या. धाकट्याला दीड महिन्याच्या डोसला रात्रभर ताप होता. पॅरासिटामॉल आणि ओल्या फडक्याने सकाळी उतरला.

पैशाच्या बाबतीत एवढंच कळीचं. लस फुकट घेतल्याने बाळाचं काही बिघडत नाही.

बिघडतं कुठे, ते वेळापत्रक नीट वाचलं की दिसतं. १४ आठवड्यांनंतर पालिकेच्या कार्डावर पुढचं इंजेक्शन थेट ९ महिन्यांना आहे. मध्ये साडेपाच महिने काहीच नाही. आणि नेमक्या याच काळात बाळाचं सगळं बदलतं: सहा महिने पूर्ण झाले की वरचं खाणं सुरू होतं, जन्मापासूनचा लोहाचा साठा संपत येतो, बाळ पालथं पडतं, बसायला लागतं, हाक मारली की वळून बघतं किंवा बघत नाही. आपण डोस म्हणून जात असू, तर या साडेपाच महिन्यांत बाळाकडे कुणाही जाणत्या माणसाची नजर पडत नाही.

आमचं तेच झालं. धाकटा १४ आठवड्यांचा डोस घेऊन आला आणि आम्ही निवांत. माझी रजा संपली, बाळ सासूबाईंकडे. सहाव्या महिन्यात उष्टावण झालं, मग वरणाचं पाणी, भाताची पेज, नाचणीचं सत्त्व सुरू झालं, पण सगळं पातळ, बाटलीतून जाईल असं. नऊ महिन्यांना आरोग्य केंद्रात गेलो. तिथल्या सिस्टरनी काट्यावर ठेवलं, कार्डावर ठिपका दिला आणि पेनाच्या टोकाने मागचा ठिपका दाखवला. मधली जागा रिकामी होती. "ही रेघ आडवी गेलीय बघा. खायला काय देता?" मी वरणाचं पाणी म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "पाणी तुम्ही प्या, वरण त्याला द्या." मऊ भात, वरण, त्यावर तुपाची धार, कुस्करलेलं केळं, अंड्याचा बलक अशी यादी त्यांनी कार्डाच्या मागेच लिहून दिली. लोहाचं सिरप दिलं. सरकारी कार्यक्रमात सहा महिन्यांपासून आठवड्यातून दोनदा एक-एक मिली देतात, ते आम्ही सुरूच केलं नव्हतं. दोष केंद्राचा नव्हता, आम्हीच गेलो नव्हतो. पण या, असं बोलावलंही कुणी नव्हतं.

खासगीत हे टळतं, तेही योगायोगाने. फ्लू आणि टायफॉइडच्या लशी सहा महिन्यांपासून सुरू होतात, म्हणून बाळ डॉक्टरांसमोर येतंच. संध्याकाळी उशिरापर्यंत दवाखाना उघडा असतो, अर्धा दिवस रजा लागत नाही. मोठीच्या वेळी हे फार मोलाचं वाटलं. पालिकेत लसीकरण सकाळच्या वेळात असतं आणि ठरावीक दिवशी गर्दी असते. शिवाय बीसीजी आणि गोवराच्या लशीची कुपी एकदा पाणी घालून तयार केली की चार तासांत संपवावी लागते, उरलेली टाकून देतात. म्हणून एखादं बाळ अवेळी गेलं तर "बुधवारी या, चार-पाच मुलं जमली की उघडू" असं ऐकायला मिळतं. हे कळेपर्यंत मला राग यायचा.

पण पैसे दिले म्हणजे तपासणी होतेच असंही नाही. मोठी दीड वर्षाची असताना आमचे डॉक्टर गावाला गेले होते, म्हणून एका मोठ्या खासगी रुग्णालयाचं 'लसीकरण पॅकेज' घेतलं. चकचकीत वेटिंग रूम, भिंतीवर जिराफ. वजन फ्रॉक-बूट-डायपरसकट. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावला, बूस्टर टोचला, स्टिकर चिकटवलं, झालं. ती किती शब्द बोलते, बोट दाखवून वस्तू मागते का, नावाला ओ देते का, हे कुणी विचारलं नाही. दीड आणि दोन वर्षांना हेच प्रश्न विचारायचे असतात, कारण उशिरा बोलणं आणि स्वमग्नता यांच्या खुणा तिथे दिसतात. मुलगी पुढे नीट बोलली, आता थांबत नाही, पण ते आमचं नशीब. पॅकेज घेताना किती लशी हे विचारतात तसं डोक्याचा घेर मोजता का, वाढीचा तक्ता भरून देता का, हेही विचारा. उत्तराला वेळ लागला तर समजून जा.

मोठ्या रुग्णालयांचं गणित वेगळं. परळचं वाडिया बाल रुग्णालय १९२९ पासून आहे, शेजारीच पालिकेचं केईएम. शिवाय पालिकेचीच सायन, नायर, कूपर. निरोगी बाळाला तिथे दर महिन्याला नेणं मला पटत नाही. भांडुपहून स्लो लोकल परळला थेट जाते हे खरं, पण सकाळच्या गर्दीत तान्हं बाळ, मग रांग, मग केसपेपर, आणि आजूबाजूला खोकणारी मुलं. शिवाय शिकाऊ डॉक्टर बदलत राहतात, दर वेळी बाळाची कहाणी पहिल्यापासून सांगावी लागते. पण बाळ अपुऱ्या दिवसांचं किंवा फार कमी वजनाचं असेल, जन्मल्यावर काचेच्या पेटीत राहिलं असेल, हृदयात काही सापडलं असेल, तर दुसरीकडे जाऊच नका. ३४ आठवड्यांच्या आत किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाने जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा जन्मानंतर महिन्याच्या आत तपासून घ्यावा लागतो; उशीर झाला तर दृष्टी जाऊ शकते. अशा बाळाला लस मात्र खऱ्या जन्मतारखेप्रमाणे आणि वाढीचा हिशोब दोन वर्षांपर्यंत दिवस भरल्याच्या तारखेपासून. हे दोन हिशोब घरात सगळ्यांना समजावून सांगणं हाच एक उद्योग आहे.

अंगणवाडी जवळ असेल तर महिन्याला वजन तिथेही होतं. डॉक्टर नसतात, पण काटा असतो आणि ताई ओळखीच्या असतात. मला जमलं असतं तर त्या रिकाम्या साडेपाच महिन्यांत मी एवढं तरी केलं असतं.

तर मी काय करीन? हात आखडता असेल तर राष्ट्रीय वेळापत्रकातल्या सगळ्या लशी पालिकेत, वेळेवर. गोवराची तर अजिबात पुढे ढकलू नका; २०२२ च्या अखेरीस गोवंडीत साथ आली तेव्हा कस्तुरबा रुग्णालयात मुलांसाठी खाटा वाढवाव्या लागल्या होत्या. आणि लशीचे वाचलेले पैसे जवळच्या बालरोगतज्ज्ञांच्या फीसाठी ठेवायचे. दर महिन्याला जायची गरज नाही: पहिल्या आठवड्यात एकदा, मग सहा महिने, वर्ष, दीड वर्ष, दोन वर्षं. या पाच भेटींना लस घ्यायचीच नाही, असं डॉक्टरांना आधीच सांगा. आमचे डॉक्टर यावर हसून म्हणाले, "बरं झालं, बाळ मला बघून रडणार नाही." त्यांनीच जादा लशींचा क्रम लावून दिला. आम्ही टायफॉइड आधी घेतली, कारण पावसाळ्यात आमच्या नळाला येणारं पाणी. बाकीच्या जमतील तशा.

पैशाची अडचण नसेल आणि दोघंही नोकरीला असाल, तर सगळं एकाच बालरोगतज्ज्ञांकडे ठेवा, पॅकेजच्या भानगडीत न पडता. घराजवळचे बघा, नावाजलेले नकोत. रात्री बाराला ताप चढतो तेव्हा नाव उपयोगी येत नाही. पल्स पोलिओचे थेंब मात्र खासगीवाल्या बाळालाही द्या, आधीचे डोस झाले असले तरी.

आणि दोन ठिकाणी जाणार असाल तर कार्ड एकच ठेवा. खासगीवाले स्वतःची रंगीत पुस्तिका देतात, पालिकेचं कार्ड वेगळं, आणि मग न्यूमोकोकलचा दुसरा डोस नक्की कुठे झाला यावर नवरा-बायकोत वाद होतो. आम्ही प्रत्येक नोंद पालिकेच्या कार्डावर करून घ्यायचो. खासगीत कुपीवरचं लेबल तिथेच चिकटवायला सांगायचो आणि घरी येऊन फोटो काढायचो. २००५ च्या २६ जुलैसारखा पाऊस लागला की कपाटाच्या खालच्या खणातलं काहीच उरत नाही, हे आमच्या आळीत सगळ्यांना माहीत आहे.