दोन सॉकेटचा सर्व्हर: मेमरी कर्नलवर सोडायची, बांधायची की इंटरलीव्ह करायची?

दोन सॉकेटच्या (म्हणजे दोन प्रोसेसर बसवलेल्या) सर्व्हरमध्ये प्रत्येक प्रोसेसरची रॅम त्याच्या जवळ असते, प्रोसेसर आणि त्याच्या जवळच्या रॅमच्या अशा गटाला नोड म्हणतात आणि या रचनेला न्यूमा. एका सॉकेटच्या मशीनला किंवा क्लाउडच्या व्हीएमला (व्हर्च्युअल मशीनला) एकच नोड दिसत असेल तर यात वेळ घालवू नका. दोन सॉकेट असतील तर मात्र आधी बघा, तुमच्या प्रोग्रामची मेमरी एका नोडमध्ये मावते का, कारण बाकी सगळं त्यावरच ठरतं. लिनक्स सगळी रॅम एकसंध दाखवतं पण 'न्यूमासीटीएल --हार्डवेअर' मारलं की खाली अंतरांचा तक्ता येतो, स्वतःच्या नोडला 10 आणि पलीकडच्याला बऱ्याचदा 20-21, म्हणजे शेजारची रॅम लांब पडते हे कर्नलला माहीत असतं.

मेमरी मावत असेल तर सरळ बांधा, म्हणजे प्रत्येक सॉकेटवर एक इन्स्टन्स, सीपीयू आणि मेमरी दोन्ही त्याच नोडवर. नुसतं टास्कसेट लावून भागत नाही, ते फक्त सीपीयू बांधतं. आणि न्यूमासीटीएलचा 'मेमबाइंड' (मेमरी ठराविक नोडवरच घ्यायचा पर्याय) फार कडक आहे बरं का, तो नोड भरला की पलीकडे ढीगभर रॅम रिकामी असली तरी स्वॅप (मेमरी डिस्कवर टाकणं) नाहीतर ओओएम (मेमरी संपली म्हणून कर्नलने प्रोग्राम मारणं) ठरलेलं, म्हणून जागेची खात्री नसेल तर 'प्रेफर्ड' घ्या, त्यात नोड भरला की पलीकडची रॅम वापरता येते.

मावत नसेल, उदा. मायएसक्यूएल डेटाबेसचा बफर पूल (रॅममध्ये ठेवलेला डेटा) निम्म्याहून जास्त रॅम खातोय, तर इंटरलीव्ह. पेजेस (मेमरीचे छोटे ठराविक तुकडे) आळीपाळीने दोन्हीकडे पडतात, निम्मे अ‍ॅक्सेस लांबचे होतात हे खरं, पण एक बाजू भरून स्वॅप सुरू आणि दुसरी मोकळी, हा छळ थांबतो. मायएसक्यूएलच्या इनोडीबी स्टोरेज इंजिनमध्ये त्यासाठी वेगळी सेटिंगच आहे.

मेमरी कर्नलवरच सोडली तर त्याचं ऑटो बॅलन्सिंग (2013 च्या लिनक्स 3.8 पासून आलंय) मिश्र लोडसाठी ठीक. ते मुद्दाम पेज फॉल्ट (पेजला हात लावताच कर्नलला कळवणारा अडथळा) घडवून कोण कुठली मेमरी वापरतंय ते बघतं आणि पेजेस हलवतं, त्याचा खर्च असतोच, म्हणून थोडा वेळ चालणाऱ्या जॉब्सना फारसा फायदा नाही.

कोड तुमचाच असेल तर मात्र सगळ्यात आधी इनिशियलायझेशन बघा!! मॅलॉक (मेमरी मागायचं सी मधलं फंक्शन) नुसते पत्ते देतो, पेज पडतं ते ज्या थ्रेडने पहिल्यांदा लिहिलं त्याच्या नोडवर, त्यामुळे मेन थ्रेडने सगळा अ‍ॅरे शून्य केला की सगळी मेमरी एकाच बाजूला आणि पलीकडचे थ्रेड्स कायम लांबून ओढत बसतात. ज्या थ्रेडला जो तुकडा वापरायचाय त्यानेच तो भरावा. नंतर 'न्यूमास्टॅट -पी' ने तुमच्या प्रोग्रामची कुठल्या नोडवर किती मेमरी आहे ते आकडे बघा, दोन्ही नोडवर वाटणी दिसली की मगच बाकीच्या सेटिंग्जना हात लावा.