दहावी जागा की लॉटरी? तळ्यात-मळ्यात अडकलेल्या संघाच्या चाहत्यासाठी

एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगचे शेवटचे दहा-बारा सामने उरलेत, आपला संघ आपल्या कॉन्फरन्समध्ये (लीगच्या पूर्व-पश्चिम अशा दोन गटांपैकी एकात) नवव्या ते बाराव्या जागेच्या मध्ये कुठेतरी लटकलाय. आता आज रात्री त्यांनी जिंकावं असं म्हणायचं, की हरून ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक फेरीत, वर जावं असं? (तिथल्या पहिल्या निवडी कुणाला, हे प्लेऑफ हुकलेल्या संघांमध्ये सोडतीने ठरतं, तीच लॉटरी.)

आधी क्रमवारी वाचताना जिंकलेले नाही, हरलेले सामने बघा. समजा एक संघ 38-34 (38 विजय, 34 पराभव) आणि दुसरा 36-33. दुसरा अर्धा सामना मागे दिसतो, पण त्याचे 13 सामने बाकी आहेत आणि पराभव एकाने कमी. सगळे जिंकला तर 49-33. पहिल्याने उरलेले दहाही जिंकले तरी 48-34 च. म्हणजे मागे दिसणाऱ्याच्याच हातात दोरी आहे.

आता जागांची किंमत. कॉन्फरन्सचे पहिले सहा थेट प्लेऑफमध्ये, म्हणजे विजेतेपदाच्या बाद फेऱ्यांत. सातवा ते दहावा प्ले-इनमध्ये, म्हणजे प्लेऑफच्या उरलेल्या दोन जागांसाठीच्या छोट्या फेरीत. सातवा-आठवा तिथेच, पण त्यांना दोन संधी, एक विजय पुरे. नववा-दहावा मात्र एक हरला की घरी, सलग दोन जिंकावे लागतात. प्रत्येक सामना निम्मा-निम्मा धरला तर सातव्या-आठव्याला 75 टक्के, नवव्या-दहाव्याला 25. त्यामुळे आठवी जागा आवाक्यात असेल तर लॉटरीचा विषयच काढू नका. नववी की दहावी, यात फरक एवढाच की नवव्याला पहिला सामना घरच्या कोर्टवर मिळतो.

लॉटरीच्या बाजूने बोलणारे एक गोष्ट विसरतात. 2019 पासूनच्या नियमात तळाच्या तिन्ही संघांना पहिल्या पिकची (ड्राफ्टमधल्या पहिल्या निवडीची) संधी सारखीच, 14 टक्के. खालून अकराव्या संघाला 2, नवव्याला 4.5. मार्चअखेर टँकिंग (मुद्दाम हरणं) सुरू करून एवढंच पदरात पडणार असेल, तर दोन-तीन आठवडे रडका बास्केटबॉल बघायचा कशाला?

2025 मध्ये दोन्ही कॉन्फरन्सच्या दहाव्या संघांनी या वादाची मजाच केली. मायामी 37-45 असूनही शिकागो आणि अटलांटाला त्यांच्याच कोर्टवर हरवून प्लेऑफमध्ये गेला. दहाव्या जागेवरून असं करणारा पहिलाच संघ. पुढे क्लीव्हलंडने 4-0 ने धुतलं, शेवटचा सामना तर 55 गुणांनी. वर प्लेऑफ गाठल्यामुळे आधीच्या सौद्याच्या अटीप्रमाणे पहिल्या फेरीचा पिक ओक्लाहोमा सिटीला द्यावा लागला. तिकडे डॅलसने सॅक्रामेंटोला हरवलं, मेम्फिसकडून हरला आणि 1.8 टक्के संधीवर लॉटरीच जिंकून ड्राफ्टमधला पहिला खेळाडू कूपर फ्लॅगला घेऊन गेला. पण डॅलसने लॉटरीसाठी काहीच केलं नव्हतं, तो शेवटपर्यंत प्लेऑफसाठीच खेळत होता. तेव्हा हे उदाहरण टँकिंगवाल्यांनी वापरू नये.

त्यांनी वापरावं ते डॅलसचंच 2023 चं. दहाव्या जागेची आशा जिवंत असताना शिकागोविरुद्ध आपले दोन मोठे खेळाडू मागे ठेवले: कायरी अर्व्हिंगला बसवलं, लुका डॉन्चिचला जेमतेम एक क्वार्टर खेळवलं, आणि हरले. लीगने साडेसात लाख डॉलर दंड ठोकला. कारण साधं होतं: त्यांचा पिक पहिल्या दहात आला तरच स्वतःकडे राहणार होता, नाहीतर न्यूयॉर्कला जाणार होता. तो दहावाच आला. त्याची अदलाबदल करून डेरेक लाइव्हली हा नवा खेळाडू आला आणि पुढच्याच वर्षी डॅलस फायनलमध्ये होता. दिसायला ओंगळ, हिशेबाला चोख. मला ते तेव्हाही आवडलं नव्हतं, पण चूक म्हणता येत नाही.

तेव्हा आधी आपला संघ पिक कुणाला देणं लागतो का आणि कोणत्या अटीवर, ते बघा. अशी अट गळ्याशी आली नसेल तर माझं मत सरळ आहे, जिंका म्हणा. आणि मागेपुढे असलेल्या प्रतिस्पर्ध्याशी आमनेसामने सामना बाकी असेल तर तोच सगळ्यात मोठा समजा. दोन संघ बरोबरीत राहिले की पहिल्यांदा आपसातलेच निकाल बघतात, म्हणून तो एक विजय दोनदा मोजला जातो.